मास्टर सिलिंडर नवीन टाकूनही झेनचं ब्रेक पेडल खाली आणि मऊ, आता काय बघायचं?

झेनवाला_सातारा
नमस्कार मंडळी. गाडी १९९८ ची मारुती झेन, कार्ब्युरेटरवाली, वडिलांची, त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया देऊ नये, घरातून तो रोज मिळतोच. गणपतीला कोकणात न्यायची म्हणून ब्रेकचं काम करायला दिली. पुढचे पॅड नवीन, दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) उतरवून रबर किट टाकले, मागे नवीन शू. गाडी परत आली तर पेडल अर्ध्याच्या खाली गेल्यावर ब्रेक लागायला सुरुवात, आणि लागतो तोही फुसका, म्हणजे पायाखाली कडक काही लागतच नाही. परत नेली तर म्हणाले मास्टर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर) गेला, मास्टर नवा टाकला, परत परत ऑइलमधली एअर काढली, पेडल जरा म्हणून वर यायला तयार नाही. आता म्हणतायत बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) बदलू. मला वाटतंय हे लोक अंदाजपंचे पार्ट बदलत सुटलेत आणि बिल मी भरतोय. लीक कुठेच दिसत नाही, डब्यातलं ब्रेक ऑइल जिथल्या तिथे आहे. हँडब्रेक मात्र एकदम टाइट, दोन-तीन टिकटिकीतच पकडतो, म्हणजे मागची बाजू ओके असावी. जाणकारांनी प्लीज सांगा.

खटपट्या
बूस्टरला हात लावू देऊ नका आधी. बूस्टर गेला की पेडल दगडासारखं कडक होतं, मऊ नाही. घरीच चेक करा: इंजिन बंद ठेवून पेडल चार-सहा वेळा दाबा, व्हॅक्यूम संपला की पेडल कडक होईल, मग पाय दाबून तसाच ठेवून गाडी चालू करा. चालू होताच पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं की बूस्टर काम करतोय. विषय संपला.

पद्मिनीप्रेमी
आमच्या फियाटला हे बूस्टर वगैरे भानगडच नव्हती राव, चारही चाकांना ड्रम, पावसात रस्त्यात साचलेल्या पाण्यातून गेलं की ब्रेक गायब, मग थोडं अंतर डावा पाय हलकेच ब्रेकवर ठेवून ड्रम सुकवायचे आणि मगच पुढे. पेडल खाली आलं की रविवारी सकाळी गाडीखाली शिरून शू टाइट करायचे, संध्याकाळी फिरायला मोकळे. आता कुणी गाडीखाली शिरतच नाही.

रेंचकाका
झेनवाले, पहिली गोष्ट, हे सुटेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, गल्लीतल्या गल्लीत सुद्धा नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही एका दमात दोन तक्रारी सांगितल्यात. पेडल खाली जातं ही एक, मऊ लागतं ही दुसरी. दोन्हींचं कारण एकच असेल असं नाही, आणि जुन्या गाडीत तर बहुतेक वेळा नसतंच. गॅरेजवाला एक दोष धरून बसतो, तो सुधारला तरी पेडलमध्ये फरक जाणवत नाही कारण दुसरा तसाच असतो, मग तो म्हणतो हे नव्हतं वाटतं, आणि पुढचा पार्ट मागवतो. म्हणून आधी वेगवेगळं करू. पाना न उचलता एवढं करून बघा आणि जसं दिसेल तसं लिहा.

इंजिन बंद ठेवून पेडल एकदा सावकाश दाबा, कुठे थांबतं बघा. लगेच सोडून भराभर दोन-तीनदा पंप मारा. वर आलं का? वर येऊन कडक झालं की वर येऊनही स्पंजसारखंच राहिलं?

मग पेडल मध्यम जोराने दाबून पाय तसाच धरून ठेवा, मिनिटभर. हळूहळू खाली बुडतंय का? बुडत असेल आणि बाहेर लीक नसेल तर मास्टरच्या आतले कप (रबरी सील) तेल मागे सोडतायत. नवीन मास्टर सुद्धा खराब निघतो, तेवढं लक्षात असू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हँडब्रेक नेहमीसारखा न ओढता फक्त एक-दोन टिकटिक वर घ्या आणि पेडल दाबा. पेडल आधीपेक्षा वर लागलं तर मागचे शू ड्रमपासून लांब बसलेत. हँडब्रेक टाइट आहे म्हणून मागे ओके असं तुम्ही म्हणताय ना, मला नेमकी तिथेच शंका आहे. का ते नंतर सांगतो.

कोकणी_ड्रायव्हर
कशेडी उतरताना माझं पेडल असंच खाली गेलेलं, पोलादपूरला थांबलो, अर्ध्या तासात परत ठीक. मेकॅनिक म्हणाला ऑइल उकळलं.

रेंचकाका
@कोकणी_ड्रायव्हर, ते वेगळं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी वाढलं की उकळायचं तापमान घसरतं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) नवीन असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर ते १४० पर्यंत धरलंय. डॉट ४ चं २३० आणि १५५. घाटात न्यूट्रल करून सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की कॅलिपर तापतो, ऑइलची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकतं. गार झालं की परत वर. कोकणातली हवा आणि वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल म्हटल्यावर व्हायचंच. झेनवाल्यांचं पेडल गार गाडीतही खालीच आहे, म्हणून हे कारण नाही. तुम्ही मात्र ऑइल बदलून घ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरत जा.

गोंधळी
डॉट ५ टाका, आकडा मोठा म्हणजे भारी. त्याचा पॉइंट अजून वर असतो.

स्पेअर_कोल्हापूर
अहो नका सांगू असं काही! डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ३ आणि ४ ग्लायकॉलचं, दोन्ही एकत्र चालत नाहीत. ५.१ परत ग्लायकॉलचं, म्हणजे आकडा बघून काहीच कळत नाही. आमच्या काउंटरवर रोज कुणीतरी "सगळ्यात वरचं द्या" म्हणतं. टाकीच्या झाकणावर काय छापलंय तेच घ्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, पण डबा सीलबंद हवा, मागच्या वर्षी फोडून माळ्यावर ठेवलेला नको.

झेनवाले दादा, एक साधी गोष्ट बघा. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढून त्याच्या आतलं रबर बघा, फुगून वेडंवाकडं झालंय का. कधी कधी कुणीतरी भलत्याच डब्यातलं तेल टाकतं, इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं. थोडं जरी गेलं तरी ब्रेकची सगळी रबरं फुगतात, मग किट बदलून उपयोग नाही, रबर असलेली प्रत्येक वस्तू बदलावी लागते. झाकणाचं रबर सगळ्यात आधी सांगतं.

झेनवाला_सातारा
सगळ्यांना धन्यवाद. ताई, झाकणाचं रबर व्यवस्थित आहे, फुगलेलं नाही. बूस्टरची टेस्ट केली, गाडी चालू होताच पेडल थोडं खाली सरकलं, म्हणजे पास.
काका, तुमच्या टेस्ट:
पहिल्या दाबाला पेडल बरंच खाली जातं. पंप मारल्यावर वर येतं, पण वर येऊनही मऊच, दाबत राहिलं की अजून थोडं थोडं आत जातं, सोडलं की उसळून वर.
मिनिटभर धरून ठेवलं, जिथे होतं तिथेच राहिलं, बुडत नाही.
हँडब्रेक दोन टिकटिक वर घेऊन दाबलं तर स्पष्ट फरक! पेडल बऱ्यापैकी वर लागलं. पण मऊपणा तसाच.

रेंचकाका
झकास. बघा आता दोन्ही वेगळं झालं. खाली जाण्याचा मोठा वाटा मागच्या शूंचा. मऊपणा बहुतेक हवेचा, आणि मास्टर तूर्त निर्दोष.

आता ते हँडब्रेकचं. तुमच्या गाडीत मागचे शू आपोआप अ‍ॅडजस्ट होतात. दोन शूंच्या मधे दातेरी पट्टी असते, शू झिजेल तशी ती एकेक दात पुढे सरकते आणि शू ड्रमजवळ ठेवते. हे नीट व्हायला हँडब्रेक सोडलेला असताना आतला हँडब्रेकचा लिव्हर पूर्ण मागे, त्याच्या टेकूला लागून बसलेला असायला हवा. पुष्कळ ठिकाणी काय करतात, शू बदलले, अ‍ॅडजस्टर गंजून किंवा लायनरच्या पावडरीने जाम, तो साफ करायचा कंटाळा, मग हँडब्रेक ढिला लागतो म्हणून वरून केबलच खेचून टाइट करतात. गिऱ्हाइकाला हँडब्रेक मस्त लागतो. पण केबलने लिव्हर कायम अर्धवट ओढलेला राहतो, अ‍ॅडजस्टरला त्याचं काम नीट करता येत नाही, आणि पायाने ब्रेक दाबला की व्हील सिलिंडरच्या (ड्रममधे शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) पिस्टनला शू ड्रमपर्यंत न्यायला लांबचा प्रवास. तो प्रवास तुमच्या पेडलने करायचा. नवीन शू टाकून हँडब्रेक इतक्या कमी टिकटिकीत पकडतो म्हटल्यावर मला तेव्हाच वास आला होता.

क्रम असा: आधी केबल पूर्ण ढिली. मग ड्रम काढून अ‍ॅडजस्टर साफ, दात शाबूत आहेत का बघणं, हाताने मागेपुढे सरकतो का बघणं. बॅकप्लेटवर शू जिथे घासतो तिथे शूने खड्डे पाडले असतील तर शू अडकतो, तेही बघा, आणि तिथे ब्रेकचं ग्रीस अगदी टिकलीएवढं. ड्रम बसवून पेडल चांगल्या जोराने बरेचदा दाबायचं, चाक फिरवताना शू किंचित घासल्याचा आवाज आला पाहिजे. सगळ्यात शेवटी केबल. उलट क्रमाने केलं की परत तिथेच याल.

स्पेअर_कोल्हापूर
ड्रम काढलाच आहे तर व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी नखाने हलकेच उचलून बघा. आत ओलं असेल तर सिलिंडर गळायला लागलाय, बाहेरून टोपी कोरडी दिसते म्हणून फसू नका. नवीन शूवर ऑइल चढलं तर ते शू गेले, पेट्रोलने धुऊन परत लावू नका.

अमेरिकेतला_अण्णा
माझ्या जुन्या कोरोलाचं असंच झालं होतं, शेवटी एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्युलमध्ये हवा अडकलेली निघाली, स्कॅनर लावून व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय निघेना. तसं काही?

खटपट्या
अण्णा, ९८ च्या झेनला कुठला एबीएस! पण मुद्दा बरोबर, हवा कुठेतरी अडकलीये आणि नेहमीच्या पद्धतीने निघत नाहीये. होज (चाकाकडे ऑइल नेणारी रबरी नळी) दाबायची टेस्ट करा. ब्रेक होजसाठी गोल कडांचे प्लॅस्टिकचे क्लॅम्प मिळतात, तेच वापरा, नुसता पकड पाना लावून जुना होज चिरडला तर वेगळाच खर्च. पुढचे-मागचे सगळे होज क्लॅम्प करायचे आणि पेडल दाबायचं. दगडासारखं कडक आणि वर लागलं तर मास्टर आणि त्याच्यातली हवा दोन्ही बाद. मग एकेक क्लॅम्प काढत जायचा आणि प्रत्येक वेळी पेडल दाबून बघायचं. ज्या चाकाचा काढल्यावर पेडल मऊ पडेल, चोर त्या चाकात. होज फार जुने असतील, तडे गेलेले, तर ही टेस्ट करू नका, सरळ होजच बदला, तसेही म्हातारे होज दाबाखाली फुगतात आणि त्यानेही पेडल मऊ लागतं.

गोंधळी
आमच्याकडे रात्रभर पेडलला लाकूड लावून दाबून ठेवतात, सकाळी कडक. करून बघा, फुकट आहे.

रेंचकाका
करतात खरं, मास्टरजवळच्या बारीक बुडबुड्यांना कधी कधी फरकही पडतो. कॅलिपरमध्ये वरच्या कोपऱ्यात हवेचा मोठा कप्पा असेल तर लाकूड वर्षभर लावून ठेवा, ढिम्म हलणार नाही. त्यापेक्षा क्लॅम्प.

झेनवाला_सातारा
गॅरेज बदललं. ओळखीतले एक रिटायर्ड एसटी वर्कशॉपवाले मामा आहेत, त्यांच्याकडे अंगणात काम चालू आहे. मागचं आधी उघडलं. काका, केबल खरंच खेचलेली होती, आणि डावीकडचा अ‍ॅडजस्टर इतका जाम की मामांनी हातोडीच्या दांड्याने हलवला. उजवा सरकत होता पण कोरडा. दोन्ही साफ केले, व्हील सिलिंडर कोरडे आहेत, केबल ढिली करून पेडल मारलं, मग केबल लावली. पेडल आता बरंच वर आलंय पण मऊपणा जात नाही.

मग क्लॅम्प. चारही चाकं क्लॅम्प केली की पेडल टणक. मागचे काढले तरी ठीक. पुढचा डावा काढला की स्पंज. पुढचा उजवा काढला की अजून स्पंज. म्हणजे पुढचे दोन्ही! दोन्ही कॅलिपर एकदम कसे काय खराब असतील? मामा म्हणतात होज बदलू. फोटो टाकतोय, डाव्या चाकाचा आणि उजव्याचा.

स्पेअर_कोल्हापूर
दादा, होज आणायच्या आधी तुमचाच फोटो नीट बघा. हवा काढायचा निप्पल कुठे आहे?

झेनवाला_सातारा
कॅलिपरच्या खालच्या बाजूला, रबरी टोपी आहे तो ना?

स्पेअर_कोल्हापूर
तोच. तो वर असायला पाहिजे! तुमच्या फोटोत होज वरच्या बाजूला आणि निप्पल खाली आहे, दोन्ही चाकांना. किट टाकायला दोन्ही कॅलिपर एकदम उतरवले ना, परत लावताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसलाय. बोल्ट बरोबर बसतात, पॅड बसतात, डिस्क फिरते, काहीच चुकल्यासारखं वाटत नाही. फक्त हवा वर साचते आणि निप्पल खाली, मग कितीही डबे ओता, खालून स्वच्छ ऑइल येत राहणार, बुडबुडा एक येणार नाही, आणि काढणाऱ्याला वाटणार हवा संपली.

खटपट्या
ताई दंडवत _/\_ मी फोटो मोठा करून डिस्क किती झिजलीये ते बघत बसलो होतो.

पद्मिनीप्रेमी
वाखू (वाचनखूण) साठवली आहे. आमच्या वेळी डिस्क नव्हत्या म्हणून वाचलो म्हणायचं.

रेंचकाका
ताईंनी बरोबर पकडलं. खात्री करायची असेल तर लगेच अदलाबदल करू नका, आधी हे करा: एक कॅलिपर बोल्ट काढून मोकळा करा, होज लावलेलाच राहू दे पण होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. दोन पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घाला म्हणजे पिस्टन बाहेर उडी मारणार नाही. आता कॅलिपर हातात असा फिरवून धरा की निप्पल सगळ्यात वर येईल, आणि एअर काढा. जे काय बाहेर येईल ते बघून मामांना पण मजा येईल. मग सावकाश दोन्ही कॅलिपर आपापल्या जागी न्या. होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर नवीन टाका, जुने परत वापरले तर तिथे झिरपतं.

अदलाबदल केल्यावर एअर परत काढावी लागेलच. काढताना निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत थोड्या ऑइलखाली बुडवलेलं, आत एकजण सावकाश दाबणार, निप्पल उघडा, बंद केल्यावरच त्याने पाय सोडायचा. भराभर पंप मारू नका, फेस होतो. टाकी रिकामी होऊ देऊ नका. साधारण मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, गाडीचं मॅन्युअल वेगळं म्हणत असेल तर मॅन्युअलचं ऐका. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ब्रेक ऑइल रंग खातं.

हे इतरांसाठी: मास्टर जुना असेल तर ब्लीडिंग (एअर काढणं) करताना पेडल तळापर्यंत दाबू नका, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात कप जिथपर्यंत जातात त्याच्या पुढचा भाग गंजलेला असतो, कप त्यावरून गेले की त्यांची धार फाटते, आणि मग धड असलेला मास्टर त्या दिवसापासून बुडायला लागतो. लोक म्हणतात ऑइल बदललं आणि मास्टर गेला, त्यामागे बरेचदा हेच असतं.

कोकणी_ड्रायव्हर
मास्टर लीक असेल पण जमिनीवर थेंब नसेल असं होतं का? माझ्या टाकीतलं ऑइल हळूहळू कमी होतंय.

रेंचकाका
होतं. मास्टरचं मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरमध्ये साचतं, कधी इंजिन ते ओढून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, खाली थेंब नाही. मास्टर दोन नटांवर असतो, थोडा पुढे ओढून बूस्टरच्या तोंडाशी ओलं आहे का बघा. पण आधी पॅडची जाडी बघा, पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि टाकीची पातळी तशीही उतरते. मागच्या टायरची आतली बाजूही ओली आहे का बघा.

झेनवाला_सातारा
झालं!! काकांनी सांगितलं तसं आधी डावा कॅलिपर फिरवून धरला, निप्पल उघडल्याबरोबर नळीतून आधी नुसती फुसफुस, ऑइलच नाही, मग फेस, मग बुडबुड्यांची माळ, मग कुठे सलग ऑइल. मामा म्हणाले आयुष्यात एसटीच्या हवेच्या ब्रेकवर काम केलं, आज पहिल्यांदा तेलाच्या ब्रेकमध्ये तेवढी हवा बघितली. उजव्याचं पण तेच. मग दोन्हींची अदलाबदल, तांब्याचे वॉशर नवीन, डॉट ४ नवीन, चारही चाकांची एअर काढली. पेडल आता वरच्या तिसऱ्या हिश्श्यातच कडक लागतं, पंप मारून वर येत नाही कारण आधीच वर आहे. हँडब्रेक ओढून दाबलं तरी तेवढंच. रिकाम्या मैदानात हळू वेगात दाबून बघितलं, गाडी सरळ थांबते, एका बाजूला ओढत नाही.

आधीच्या गॅरेजला फोन केला तर म्हणाले "मास्टर टाकल्यामुळेच झालं असणार". जाऊ दे. जुना मास्टर मात्र मागून घेतलाय, मामा उघडून बघणार आहेत, कप ठीक असले तर किट टाकून ठेवून देऊ.

रेंचकाका
उत्तम. शू आणि पॅड बसेपर्यंत थोडे दिवस जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका, आणि मग एकदा हँडब्रेकच्या टिकटिक परत मोजा, शू बसले की वाढतात. वाढल्या तर परत केबल खेचायच्या आधी पेडल बघा. पेडलही खाली आलं असेल तर अ‍ॅडजस्टर परत अडकतोय, ड्रम उघडा. पेडल जिथल्या तिथे असेल तरच केबल.

जुना मास्टर उघडाल तेव्हा सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा, खरखर लागली किंवा खड्डे दिसले तर किट टाकू नका, भंगारात द्या.

स्पेअर_कोल्हापूर
आणि ऑइल कधी टाकलं ते टाकीवर मार्करने लिहून ठेवा, दोन वर्षांनी बदला. गाडी किती चालली ते बघू नका, उभी असली तरी ते पाणी ओढतंच.

नवा_सदस्य_पिकअप
माझ्या पिकअपचं पण पेडल खाली जातं, माल भरला की ठीक लागतं, रिकामी असली की मागची चाकं घसरतात. इथेच विचारू का?

खटपट्या
त्यात मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो भाऊ, मागच्या एक्सलला जोडलेला दांडा असतो बघा, तो वाकला किंवा जाम झाला की असं होतं. नवीन धागा काढा, मॉडेल आणि साल लिहा, आणि फोटो टाका, ताई आहेत.